नेपाळच्या मिशन ट्रिपवर मला काहीच जाणवलं नाही, माझा विश्वास कच्चा आहे का? – माझं उत्तर

सलाम. तू वयाने माझ्या मुलाएवढा आहेस म्हणून तू म्हणते, राग मानू नकोस.

ज्यांनी मूळ प्रश्न वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हा मुलगा २६ वर्षांचा आहे, गेल्या वर्षी मंडळीच्या (म्हणजे आपल्या चर्चच्या) टीमबरोबर आठ दिवस नेपाळला गेला होता. टीममधल्या सगळ्यांना काही ना काही अनुभव आला, कोणी रडलं, कोणाला प्रार्थनेत काही दिसलं, याला मात्र काहीच झालं नाही. परत आल्यावर रविवारी उपासनेत साक्ष द्यायला (देवाचा काय अनुभव आला ते सगळ्यांसमोर सांगायला) उभं केलं तेव्हा इतरांचं ऐकून थोडंफार जोडून बोलला आणि ते त्याला अजून टोचतंय. आता ऑक्टोबरमध्ये टीम परत चाललीय. जाऊ का, माझा विश्वास कच्चा आहे का, आणि असा क्षण यावा म्हणून काय तयारी करावी, असं त्याने विचारलंय.

मी नगर जिल्ह्यातली (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं). एका मिशन हॉस्पिटलमध्ये तीस वर्षं नर्स म्हणून काढली आणि २०१२ पासून कोविडची दोन वर्षं सोडली तर जवळजवळ दरवर्षी नेपाळला टीम घेऊन जाते, बहुतेक वेळा धादिंग जिल्ह्यात. मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही, थिऑलॉजी शिकलेली नाही, त्यामुळे जे सांगते ते टीमबरोबर राहून पाहिलेलं आहे, तेवढंच.

पहिलं म्हणजे तुझा खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. विश्वास कच्चा की पक्का हे तू विचारतोयस खरं, पण तुला खुपतंय ते हे की ज्या जागी देव भेटेल असं तुला सांगितलं होतं त्या जागी तू उभा राहिलास आणि तिथे कोणी आलं नाही. संध्याकाळची सभा, डोंगरावरची पहाटेची प्रार्थना, शेवटच्या दिवशी सगळ्यांनी गोल करून हात धरायचे ते, या जागा टीम लीडरने ठरवलेल्या असतात, मीपण ठरवते, त्यात चूक काही नाही. पण इतक्या वर्षांत माझ्या टीममधल्या लोकांना जे खरंच आत लागलं त्यातलं फारच थोडं या ठरवलेल्या जागी घडलं. बाकीचं बस बंद पडली तेव्हा, भांडी घासताना, कोणी आजारी पडलं तेव्हा, अशाच वेळी. आणि बहुतेक वेळा आपण काही देत असताना नाही, आपल्यावर घ्यायची पाळी आली तेव्हा.

यात परिस्थितीचा भाग मोठा आहे हे आधीच सांगते. वीस जणांची टीम असेल तर दिवसभर आपण आपसातच मराठीत बोलत राहतो, यजमानांशी बोलणं होतच नाही, आणि पाच-सहा जण असतील तर तेच आठ दिवस फार वेगळे जातात. एका गावात सलग राहिलात की रोज नवीन गाव केलंत यानेही फरक पडतो. घरी नुकतंच कोणी गेलेलं असेल किंवा नोकरी गेली असेल तर माणूस आधीच उघडा असतो, त्याला लवकर भरून येतं. तू कोणत्या टीममध्ये होतास, तुझी झोप किती झाली, तुला कामाला लावलं होतं की माईक आणि स्पीकरची जबाबदारी देऊन बाजूला बसवलं होतं, हे काहीच मला माहीत नाही. म्हणून तुझ्याबद्दल निदान करत नाही, फक्त माझं सांगते.

२०१२ च्या पहिल्या ट्रिपला मलाही काही झालं नव्हतं. पुण्याहून गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सोनौलीची बॉर्डर, मग काठमांडूची बस, अंग नुसतं ठेचून निघालं होतं. नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी असते, म्हणून तिथली मंडळी रविवारी न भरता शनिवारी भरते, आणि घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटं पुढे. मी घड्याळ बदललंच नव्हतं, पहिल्याच शनिवारी उशिरा पोचले. चपला बाहेर काढायच्या, बायका एका बाजूला पुरुष दुसऱ्या बाजूला, खाली गुन्द्री म्हणजे पेंढ्याची चटई, मादल म्हणजे त्यांची ढोलकी वाजतेय, आणि मग पाळकाने प्रार्थनेला सांगितलं की सगळे एकदम मोठ्याने आपापली प्रार्थना सुरू करतात. आपल्याकडे उपासना कशी शिस्तीत, एक जण बोलणार बाकीचे आमेन म्हणणार, त्यामुळे मी त्या आवाजात डोळे मिटून बसले आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच चाललं होतं की परतीचं रिझर्वेशन कन्फर्म झालं असेल का. आठ दिवस असेच गेले. आणि परत येऊन मी पण साक्ष दिली बरं का, तुझ्यासारखीच, जोडून. लोकांनी हात धरून आभार मानले, मला रात्री जेवण गेलं नाही. पुढे दोन वर्षं ते मनात राहिलं, शेवटी मी आमच्या पाळकसाहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की मग पुन्हा जाणार का. मी हो म्हणाले.

२०१५ मध्ये २५ एप्रिलला भूकंप झाला. ७.८ चा, जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. तो दिवस शनिवार होता आणि वेळ दुपारी ११ वाजून ५६ मिनिटं, म्हणजे नेपाळभर ख्रिस्ती मंडळ्या उपासनेत बसलेल्या. दगडमातीच्या भिंतींची चर्चेस त्यातच लोकांवर पडली. आम्ही नोव्हेंबरमध्ये गेलो. तेव्हा बॉर्डरवर नाकाबंदी चालू होती, पेट्रोल नाही, गॅस नाही, औषधं नाहीत, आणि यामागे भारत आहे असं मानून लोक भारतावर भयंकर चिडलेले होते, बसमध्ये आमचं हिंदी ऐकून एक जण उठून लांब जाऊन बसला. मला त्याचा राग नाही आला, त्याच्या घरी चूल कशी पेटत असेल ते दिसतच होतं.

धादिंगमधल्या ज्या गावात गेलो तिथल्या मंडळीतले सात लोक त्या दिवशी चर्चमध्येच दगावले होते. मी घरून एक भाषण तयार करून नेलं होतं, दुःखाच्या वेळी देव कुठे असतो त्यावर, वहीत लिहून, वचनांसकट. पोचलो तेव्हा मंडळीचे एक वडील (म्हणजे एल्डर, मंडळीचा कारभार बघणारे), साठीच्या पुढचे, ज्यांची बायको त्या सातांमध्ये होती, ते अंगणात बसून कुऱ्हाडीने लाकूड फोडत होते. जाड वासे होते, एका टोकाला जुना निळा रंग. मी विचारलं हे कुठलं, तर म्हणाले चर्चच्या छपराचं. आमच्या जेवणासाठी फोडत होते, गॅस नव्हता ना. मला कसंतरी झालं, मी म्हणाले बाबा हे नका जाळू, नवीन चर्च बांधाल तेव्हा लागेल. त्यांनी एक वासा उचलून मला डोळ्यासमोर धरून दाखवला, कसा मधे वाकलाय ते, आणि हिंदीत म्हणाले, हा वाकलाय, घराला नाही चालणार, चुलीला चालेल. आणि परत फोडायला लागले.

त्या लाकडावर शिजलेला डाळभात आम्ही खाल्ला, भारतातून आलेल्या माणसांनी, त्या महिन्यात. मी भाषणाची वही पिशवीतून काढलीच नाही. त्या दिवशी मला रडू आलं नाही की अंगावर काटा आला नाही, काहीच नाही, फक्त घास तोंडात होता आणि मला कळत होतं की हे लोक ज्याच्यावर विश्वास ठेवतात तो खरा असला पाहिजे. हे असं वाक्य मी तीस वर्षं चर्चमध्ये ऐकत होते, पण माझं म्हणून ते पहिल्यांदा तिथे झालं. म्हणून तुला सांगते, तू रडला नाहीस म्हणजे काही झालंच नाही असं धरून बसू नकोस. कदाचित झालं असेल आणि तू दुसरीकडे बघत असशील. आता शांत बसून आठवून बघ, आठ दिवसांतली अशी कोणती गोष्ट आहे जी तू कोणालाच सांगितली नाहीस पण जी वर्षभर डोक्यातून गेली नाही. मी टीमला हा प्रश्न नेहमी विचारते आणि तेव्हा जे बाहेर येतं ते साक्षीत कधीच आलेलं नसतं.

दुसरी गोष्ट २०१८ ची, सप्टेंबरची. पाऊस संपत आला होता पण वरच्या वाटा अजून ओल्या होत्या. मलेखूला हायवे सोडून धादिंगबेसीला गेलो, पुढे जीप, पुढे दोन तास चालत. वाटेत पहिरो म्हणजे दरड पडलेली, त्यामुळे जंगलातून फिरून जावं लागलं आणि तिथे जळवा. त्यांच्याकडे जुका म्हणतात. मी पुढे पुढे चालत होते कारण गावात बायकांना बाळंतपणानंतरच्या काळजीबद्दल शिकवायचं होतं आणि आधीच तीन तास उशीर झाला होता. (औषधपाणी आम्ही स्वतःहून करत नाही, तिथल्या हेल्थपोस्टच्या सिस्टर असतात, त्यांच्या हाताखाली फक्त शिकवायचं काम.) गावात शिरताना एका म्हाताऱ्या तामांग (तिथला एक डोंगरी समाज) बाईने मला थांबवलं आणि माझ्या पायाकडे बोट दाखवलं. मोजा रक्ताने भिजला होता. मला दुखलंच नव्हतं, जळू चावते तेव्हा कळत नाही आणि ती असं काही सोडते की रक्त गोठत नाही, वाहत राहतं, हे मी स्वतः नर्सिंगच्या मुलींना शिकवलेलं.

मी म्हणाले नंतर बघते, उशीर झालाय. पण त्या बाईने माझा हात धरून घरात नेलं, ओट्यावर बसवलं, बूट काढला, मोजा काढला आणि चिमटीत मीठ घेऊन घोट्यावरच्या दोन जळवा सोडवल्या. आमच्या नर्सिंगमध्ये मीठ लावू नये असं शिकवतात, नखाने हळूच बाजूने सोडवायची, पण मी गप्प बसले. मग तिने कोमट पाण्याने पाय धुतला आणि तो तसाच मांडीवर ठेवून प्रार्थना करायला लागली. तामांग भाषेत, मला एक अक्षर कळेना, फक्त मधेमधे नेपाळी धन्यवाद, धन्यवाद एवढं कळत होतं. बराच वेळ चाललं. माझं लक्ष घड्याळाकडे होतं हे मी कबूल करते.

नंतर पाळकांच्या मुलीला विचारलं, जी आमच्यासाठी हिंदीत सांगायची, की आजी कशासाठी एवढे आभार मानत होत्या. ती म्हणाली, जुकासाठी. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती म्हणाली, आजी म्हणत होत्या की प्रभू, दरवर्षी भारतातून बहिणी येतात आणि माझ्या दारावरून वर जातात, मी दरवर्षी पाणी गरम करून ठेवते, कोणी बसत नाही, आज तू जुका पाठवलीस आणि ही बसली.

दरवर्षी. म्हणजे २०१२ पासून मी त्या दारावरून जात होते. आतमध्ये एक बाई पाणी गरम करून माझी वाट बघत होती आणि मी वर सेवा करायला धावत होते. त्या ओट्यावर मग मी बसूनच राहिले, माझ्या टीमने वर जाऊन वर्ग सुरू केला. मला त्या दिवशी देवाबद्दल काहीतरी कळलं जे मी नीट शब्दात अजून मांडू शकत नाही, पण एवढं सांगते की त्या दिवसापासून माझी प्रार्थना बदलली. आधी मी मागायचे की प्रभू मला वापर. आता मी विचारते की मी कोणाच्या दारावरून जातेय.

तू विचारतोस तयारी काय करू. असा क्षण आणता येत नाही हे तर तुलाही माहीत आहे. पण त्याला जागा राहील असं वागता येतं. माझ्या टीममध्ये आता दिवसातले दोन तास मुद्दाम काही ठेवत नाही. सुरुवातीला तरुण मुलं वैतागतात, इतका खर्च करून आलोय आणि नुसतं बसायचं का म्हणतात. पण त्या दोन तासांत कोणी यजमानीणबाईबरोबर भाजी निवडायला बसतं, कोणी मकईची कणसं सोलतं, कोणी पोरांबरोबर नदीवर जातं. मोबाईल त्या वेळात पिशवीत. फोटो काढायचा झाला की माणूस डोळ्यासमोरचं बघायचं सोडून चौकट बघायला लागतो, आणि गावातले लोक पण मग फोटोसाठी उभे राहतात तसे उभे राहतात. दुसरं, त्यांनी काही दिलं तर घ्यायचं. नको नको करायचं नाही. आपल्याला देण्याची इतकी सवय लावलेली असते की घेताना हात मागे जातो. आणि तिसरं म्हणजे झोप, खरंच सांगते, सहा तास तरी झोप. थकलेल्या माणसाला कोणत्याही गाण्याने रडू येतं आणि मग आलेलं रडू कशाचं हे त्यालाच कळत नाही.

हे शेवटचं जरा नीट सांगते कारण याच्यावरून माझ्या हातून एक चूक झालेली आहे. एका वर्षी आमच्याबरोबर एक तरुण आला होता, चांगला मुलगा, शेवटच्या रात्रीच्या प्रार्थनेत तो खूप हलला आणि म्हणाला मी नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत येणार. आम्ही सगळ्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवले, रविवारी चर्चमध्ये जाहीर केलं, टाळ्या पडल्या. दीड महिन्याने तो भाव निवला, आणि मग तो चर्चला यायचाच बंद झाला, कारण आता लोक विचारणार, कधी सोडतोस नोकरी. त्याचा अनुभव खोटा होता असं मी अजिबात म्हणत नाही. आम्ही त्याला वेळ दिला नाही. तेव्हापासून माझ्या टीममध्ये नियम आहे, परत आल्यावर पहिल्या रविवारी कोणीही साक्ष द्यायची नाही. पाळकसाहेबांना मी तसं सांगून ठेवते. सहा आठवडे वहीत लिहायचं, काय झालं ते, आणि त्यानंतर रोजच्या जगण्यात काय बदललं ते. सहा आठवड्यांनी माझ्या घरी चहाला जमायचं आणि तेव्हा ज्याला बोलायचंय त्याने बोलायचं. ज्याच्या वहीत काही नसेल त्याने काही नाही म्हणून सांगायचं, त्याला कोणी काही विचारत नाही. तू तुझ्या टीमला हे सुचवून बघ, एवढ्या एका गोष्टीने कितीतरी मुलांवरचं ओझं उतरतं.

भावना आणि विश्वास यात फरक कसा करायचा याची पक्की खूण माझ्याकडे नाही. पण घरी आल्यावर एखादी छोटी, मिरवता न येणारी गोष्ट बदललेली असेल तर मी ते खरं धरते. कोणी भावाशी बोलायला लागतं, कोणी घेतलेले पैसे परत करतं. आमच्या टीममधली एक विधवा बाई, नवरा जाऊन चार महिने झालेले, आठ दिवस नेपाळमध्ये दगडासारखी होती, आणि परतीला गोरखपूरच्या प्लॅटफॉर्मवर गाडी सात तास लेट होती तेव्हा बसल्या बसल्या तिने माझ्याकडे मोबाईल मागितला आणि सासूला फोन लावला, जिच्याशी ती अंत्यविधीपासून बोलली नव्हती. नेपाळमध्ये नाही, सभेत नाही, गोरखपूरला, उन्हात.

आणि एक मुलगा होता, त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो बोलताना अडखळायचा, लहानपणापासून. आमच्या मंडळीत त्याला कधी शास्त्रवाचन दिलं नाही, त्याला लाज वाटू नये म्हणूनच नाही दिलं, पण नाही दिलं हे खरं. २०१९ ला तिथल्या पाळकांनी शनिवारी उपासनेत अचानक त्याच्याच हातात नेपाळी बायबल दिलं आणि स्तोत्र २३ वाच म्हणून खूण केली. लिपी देवनागरीच, त्यामुळे वाचता तर येतं. तो उभा राहिला, घामाघूम. सुरू केलं आणि तिसऱ्या चौथ्या शब्दावर अडकला. शब्द होता गोठाला, म्हणजे गुरं राखणारा, आपल्या मराठी बायबलमध्ये तिथे मेंढपाळ आहे. गो, गो, गो, पुढे जाईना. मी मान खाली घातली. आणि समोर बसलेल्या बायकांना वाटलं की परदेशी पोरगा आहे, त्याला नेपाळी शब्द जमत नाहीये, म्हणून त्यांनी सगळ्यांनी मिळून तो शब्द म्हटला, गोठाला. तोही त्यांच्याबरोबर म्हणाला. पुढे परत अडकला, परत सगळ्यांनी म्हटला. असं करत करत सहाच्या सहा ओव्या त्या अख्ख्या मंडळीने त्याच्याबरोबर वाचल्या, आणि कोणालाही यात काही वावगं वाटलं नाही, त्यांच्या दृष्टीने तो फक्त पाहुणा होता ज्याला भाषा येत नव्हती. खाली बसताना त्याचा चेहरा मी पाहिला. त्याने त्याबद्दल कधीच साक्ष दिली नाही. पण नगरला आल्यावर दोन महिन्यांनी त्याने स्वतःहून शास्त्रवाचनाच्या यादीत नाव लिहिलं, आणि आमच्या मंडळीतले लोक आता त्याच्याबरोबर म्हणतात. हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो.

तू लिहिलंस की माझ्यासारख्याने जाण्यात काय अर्थ, मी त्यांना काय देणार. बाळा, त्यांना विश्वास तू देणार नाहीयेस. १९५० च्या आधी नेपाळमध्ये ख्रिस्ती माणसाला राहूसुद्धा देत नव्हते, नेपाळी बायबल पूर्ण झालं ते १९१४ मध्ये दार्जिलिंगला, एका नेपाळी माणसाच्या वर्षानुवर्षांच्या कष्टातून, आणि आज तिथली मंडळी तिथल्याच लोकांनी उभी केलेली आहे. २०२१ च्या जनगणनेत ते १.७६ टक्के आहेत, म्हणजे थोडेच, आणि त्यांच्यावर कायद्याची टांगती तलवार आहे. २०१८ पासून तिथे कोणाचं धर्मांतर करवणं हा गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड, आणि परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. आपण आठ दिवसांनी निघून येतो, पत्रकं वाटून फोटो टाकून, आणि नंतर पोलीस दार वाजवतात ते त्यांचं. म्हणून तुमचा लीडर तिथल्या मंडळीच्या बोलावण्यावरून नेतोय की स्वतःच्या मनाने, हे आधी विचार. बोलावणं नसेल तर जाऊ नकोस, मग तिथे काहीही जाणवो.

एक शेवटचा विचार, जो मला स्वतःला आधार देतो. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला, ऐकू कमी येत असल्यामुळे ते जमलं नाही. तिथल्या वॉन्टेज गावच्या सिस्टर्सनी (ख्रिस्ती जोगिणींनी) त्यांना लंडनमधल्या फुलहॅमचं आपलं काम बघायला पाठवलं, समाजाने टाकलेल्या बायकांना या सिस्टर्स कशा प्रेमाने वागवतात ते रमाबाईंनी तिथे पाहिलं आणि त्यांच्या मनाने घेतलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉन्टेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता बघ, परदेशात, ठरवलेलं काम फिसकटल्यावर, दुसऱ्याची सेवा नुसती बघताना. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. बाप्तिस्म्यानंतर जवळजवळ आठ वर्षांनी रमाबाईंनाच वाटलं की मला ख्रिस्ती धर्म मिळाला पण ख्रिस्त स्वतः अजून मिळालेला नाही, आणि त्यांनी ते लपवलं नाही, लिहून ठेवलं. केडगावचं मुक्ती मिशन उभं करणारी ती बाई. तुझं तर एकच वर्ष झालंय.

तर ऑक्टोबरचं. माझं मत, जा, पण आधी दोन गोष्टी कर. गेल्या वर्षी जे जोडून बोललास ते तुझ्या पाळकांना जाऊन सांग, सगळ्या मंडळीसमोर नको, त्यांना एकट्याला. मला दोन वर्षं लागली, तुला लागू नयेत असं वाटतं. आणि लीडरला सांग की मला माईकवर ठेवू नका, स्वयंपाकघरात द्या.

बाकी व्यवहाराचं म्हणशील तर पासपोर्ट नाहीतर मतदान ओळखपत्र बरोबर ठेव, आधारवर विसंबू नकोस. शंभर रुपयांचे त्यांचे एकशे साठ होतात. दशैं म्हणजे त्यांचा दसरा कोणत्या तारखांना आहे ते बघून घ्या, त्या आठवड्यात अख्खा देश गावाला निघतो, बसमध्ये उभं राहायला जागा मिळत नाही, आणि मंडळीतल्या लोकांच्या घरी पण हिंदू नातेवाईक आलेले असतात, त्यांची पंचाईत होईल असं काही करू नका. मोजे जाड आणि लांब घे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वरच्या जंगलात जळवा अजून असतात, मीठ बरोबर नेलं नाहीस तरी चालेल, ते तिथे कोणाच्या तरी घरात असतं. तू फक्त बस.